बांध साफ केला त्याची गोष्ट

आमच्या मंडळींना कुणाचं तरी भलं केल्याशिवाय रविवार गोड लागत नाही. हैदराबादच्या पश्चिम टोकाला, जिथे पूर्वी मक्याची शेतं होती, तिथे आता आमच्या इमारती आहेत. इमारतींच्या कुंपणाला लागून एक गाव आहे. गावाला तलाव, तलावाला मातीचा लांब बांध, आणि बांधाच्या टोकाला एका म्हातारीची कणसं भाजायची शेगडी. तिला सगळे अव्वा म्हणतात, म्हणजे तेलुगूत आजी. आमच्या इमारतींतल्या पंधरा-वीस मराठी लोकांनी मिळून एक सेवा गट काढला आणि हे गाव दत्तक घेतलं. आपण दत्तक गेलो आहोत हे गावाला कळायला जरा वेळ लागला.

गट म्हटल्यावर आधी टी-शर्ट आले. कामापेक्षा टी-शर्टच्या रंगावर जास्त चर्चा झाली आणि शेवटी सगळ्यांना थोडा थोडा नावडणारा एक पोपटी रंग ठरला. मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त इंजिनिअर आमचे अध्यक्ष झाले. आम्ही त्यांना काका म्हणतो. माणूस सज्जन, वेळेचा पक्का, आणि घडलेल्या प्रत्येक गोष्टीचं इतिवृत्त लिहून ठेवणारा. सहा म्हणजे सहा. सहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला ते काही बोलत नसत, फक्त घड्याळाकडे बघून हसत, आणि ते हसू चार दिवस पुरे.

आमचा पहिला उपक्रम रक्तदाब तपासणीचा. गावातल्या बायका रांगेने आल्या, दंडाला पट्टा बांधून घेतला, गमतीने हसल्या. बहुतेकींचा दाब अगदी जागच्या जागी होता. मग आलोच आहोत तर म्हणून आम्ही आपापलाही तपासून घेतला, आणि आमच्यातल्या चौघांना दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जावं लागलं. दुसरा उपक्रम पुस्तकपेटीचा. पेटी अजून गावाच्या पंचायतीत आहे, आणि तिच्यावर बसायला बरं पडतं असं सगळे म्हणतात.

या गटात मी एकटीच इथली. जन्म विद्यानगरचा, शाळा जामबागची, वडिलांकडचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकऱ्यांचं. मला तेलुगू येतं, म्हणजे भाजी घेण्यापुरतं आणि भांडण्यापुरतं. तेवढ्या भांडवलावर मी गटाची दुभाषी झाले. पुण्याहून आलेले हे लोक दर दोन वाक्यांनंतर मला विचारत, "तुम्ही इथल्या ना?" आणि मी मान जरा ताठ करून "हो" म्हणत असे. चांगले मसाले अफझलगंजात कुठे मिळतात, बोनालूच्या सणाला लोक डोक्यावर काय घेऊन जातात, कुठली बिर्याणी खरी आणि कुठली फक्त दिसायला, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे. जी येत नव्हती तीही मी देत असे, कारण विचारणाऱ्याला ती तपासता येत नसत. हा माझा जुना दोष आहे. घरचे तो जाणून आहेत.

तर तिसरा उपक्रम ठरला बांध स्वच्छतेचा. दिवस पितृपक्षाचे होते, कुणाकडे काही कार्य नव्हतं, त्यामुळे हजेरी भरघोस लागली. काकांनी विळे, फावडी, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी आणि एक मोठा फलक आणला. फलकावर 'स्वच्छ बांध, सुंदर गाव' असं झोकदार मराठीत रंगवलं होतं. गावात मराठी वाचणारं कुणी नाही, हे तो रोवून झाल्यावर लक्षात आलं. आमच्याबरोबर आलेली आमचीच पोरं तो अक्षराला अक्षर लावून वाचत होती, तेव्हा अगदी वाया गेला असंही म्हणता येणार नाही.

गावात त्या सकाळी चिटपाखरू नव्हतं. अव्वाची शेगडीही थंड होती. काका म्हणाले, "बघा, सात वाजले तरी गाव झोपलेलं आहे." खरं म्हणजे शेजारच्या गावात भावकीतल्या कुणाचं तरी अकराव्याचं जेवण होतं आणि अख्खं गाव पहाटेच तिकडे गेलेलं. पण हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही झोपलेल्या गावाची सेवा करतोय या विचाराने सगळ्यांना आणखीच हुरूप आला.

प्लास्टिक उचलून झालं. बाटल्या उचलून झाल्या. मग बांधाच्या उताराकडे बघत काका थांबले. सगळा उतार कमरेएवढ्या झाडोऱ्याने भरलेला होता. वर टोकाला पांढरट गुलाबी तुरे असलेली रोपं, आणि मधे मधे पिवळ्या कळ्या धरलेली झुडपं. काका म्हणाले, "हे काय आहे हो? काढायचं का राहू द्यायचं? तुम्ही इथल्या ना?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' हे दोन शब्द म्हणायला किती वेळ लागतो? पण पंधरा पोपटी टी-शर्ट माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "रान माजलंय नुसतं. काढून टाका. साप येतात याच्यात."

सापाचं नाव काढल्यावर मग काय विचारता. आयुष्यात कुंडीतली तुळससुद्धा न खुडलेले लोक विळे घेऊन तुटून पडले. साडेअकराला उतार न्हाव्याच्या हातून आलेल्या पोराच्या डोक्यासारखा गुळगुळीत झाला. पालिकेचा ट्रॅक्टर आला, सगळा पाला भरून गेला. फोटो निघाले, वडा-सांबार झालं, काकांनी आभार मानले. घरी जाऊन मी आरशात बघितलं तेव्हा मला स्वतःचा बऱ्यापैकी अभिमान वाटत होता.

सोमवारी संध्याकाळी कणीस घ्यायला अव्वाकडे गेले. एरवी मला बघितलं की ती माझ्या तेलुगूची नक्कल करून हसते. त्या दिवशी हसली नाही. कणीस भाजलं, लिंबू-मीठ चोळलं, हातात दिलं. मग बांधाच्या उताराकडे हनुवटीने दाखवत एवढंच विचारलं, "पुव्वुलु एवी?" फुलं कुठायत?

मी म्हणाले, कुठली फुलं?

तिने मला समजावून सांगितलं. रागावली नाही, ओरडली नाही, लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं, आणि तेच मला जास्त लागलं. पांढरे तुरे म्हणजे गुनुगु. पिवळी झुडपं म्हणजे तंगेडु. अमावास्येपासून बतुकम्मा बसणार. नऊ दिवस परातीत फुलांचे थर रचायचे, भोवती फेर धरायचा, मग तलावात सोडायचं, आणि नवव्या दिवशी सगळ्यात मोठी. ती या दोन फुलांशिवाय होत नाही. पूर्वी सगळ्या रानात फुलं असत. आता फक्त बांधावर उरली होती, कारण बाकीच्या जागेवर आम्ही राहत होतो.

बतुकम्मा मी जन्मापासून बघितली आहे. विद्यानगरला आमच्या गल्लीतच बायका फेर धरत. पण फुलं मी नेहमी परातीत रचलेली बघितली, रंगात बुडवलेली. ती उगवतात कुठे आणि उभी असताना दिसतात कशी, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी काहीतरी सारवासारव केली असती. पण अव्वाने पुढचं सांगितलं. तिची लेक दुबईला घरकामाला गेली होती. चार वर्षांनी सुट्टी मिळाली होती, आणि ती मुद्दाम मोठ्या बतुकम्माला येत होती. मायलेकींचं फोनवर एकच बोलणं झालं होतं. लेक म्हणाली होती, माझ्यासाठी काही करू नकोस, फक्त बतुकम्मा स्वतः तोडलेल्या फुलांची कर, विकतच्या नको. तिकडे चार वर्षं सगळं विकतचंच बघतेय. आणि अव्वाने शब्द दिला होता.

कणीस माझ्या हातात तसंच राहिलं. मला लाज वाटली. लहानपणी शाळेत कॉपी करताना सापडले होते तेव्हा वाटली होती तशी, कान तापवणारी.

मंगळवारी गटाची तातडीची सभा झाली. मी सगळं सांगितलं, फक्त 'काढून टाका' कोण म्हणालं होतं हा भाग जरा पुसट ठेवला. काकांनी तो इतिवृत्तात ठळक लिहिला होता, त्यामुळे फारसा उपयोग झाला नाही. मग सूचनांचा पाऊस पडला. एकाने ऑनलाइन झेंडू मागवू म्हटलं. एकीने रेशमी कागदाची फुलं सुचवली, ती वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. एक तरुण सभासद म्हणाला की पुढच्या वर्षी आपणच बी पेरू आणि त्याचा एक छान व्हिडिओ करू. काका म्हणाले, "चूक झाली असेल तर दुरुस्त करायची. पण आधी ती झाली का ते ठरवू." ते ठरवायला पाऊण तास गेला. झाली होती असं बहुमताने ठरलं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं काकांनी स्वतःच म्हटलं, आणि मला ते त्या दिवसापासून जरा जास्त आवडू लागले.

बुधवारी मी विद्यानगरला आईकडे गेले. आईने ऐंशी ओलांडली आहे. फोनवरचा जुना फोटो मोठा करून तिला दाखवला, साफ करण्याआधीच्या उताराचा. तिने चष्मा पुसला, बघितलं, आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पन्नाशीची आहे हे विसरले.

"हे कुर्डू की गं," आई म्हणाली. "कोवळं असताना ह्याची भाजी खाऊन मोठी झालीस तू. तुझे बाबा हौसेनं आणत होते. आणि ते पिवळं म्हणजे तरवड. असं कायको केलीस?"

"मला ओळखूच आलं नाही."

"ताटात ओळखत होतीस," आई म्हणाली. "आता त्या म्हातारीलाच विचार, कुठं मिळतंय ते. उगं आपलं डोकं नक्को लावू."

हा सल्ला आमच्या गटात कुणालाच सुचला नव्हता. गावाला काय हवं ते गावाला विचारावं, हे आमच्या कार्यपद्धतीत बसतच नव्हतं. गुरुवारी मी अव्वासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं. तिने पहिल्यांदा मला नीट निरखलं आणि विचारलं, गाड्या किती आहेत?

मोठ्या बतुकम्माच्या आदल्या दिवशी पहाटे पाच गाड्या निघाल्या. अव्वा काकांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावायला तिने साफ नकार दिला, आणि तिथून पुढे काका तिच्या हुकमाचे ताबेदार झाले. ती "कुडि" म्हणाली की उजवीकडे, "एडम" म्हणाली की डावीकडे. रस्त्याचा नकाशा फोनमध्ये बोलत राहिला, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. दोन तासांत काका तेलुगूत उजवं-डावं शिकले. एवढी प्रगती मी त्यांना दोन वर्षांत करून दिली नव्हती.

फुलं तोडणं म्हणजे काही खायचं काम नाही. आमच्यातले पहिले दोन वीर मोठ्या उत्साहाने घाणेरीचे भारे घेऊन आले. अव्वाने ते हुंगलेसुद्धा नाहीत. मग तिने प्रत्येकाच्या हातात एकेक गुनुगु दिला आणि सांगितलं, हा बघा, असाच आणा, देठ वीतभर ठेवा, मुळाला हात लावू नका. मुळाला हात लावू नका म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. प्रत्येक बांध कुठल्या ना कुठल्या गावाचा होता, आणि त्या त्या गावच्या बायकाही फुलांसाठी आलेल्या होत्या. पोपटी टी-शर्ट घातलेले शहरी लोक आपल्या बांधावरून फुलं नेताहेत म्हटल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रास्तच होतं. तेव्हा अव्वा गाडीतून उतरली, मागचं दार उघडून मला उतरवलं, दंडाला धरून पुढे उभी केली आणि म्हणाली, "ईमे कोसिंदी." हिने कापली. मग सगळी कथा साग्रसंगीत. गावातले अकराव्याला गेलेले, ही विळे घेऊन आली, उतार बोडका केला, लेक चार वर्षांनी येतेय, माफ करा, ओंजळभर द्या. बायकांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग एकीला हसू आलं, मग सगळ्याच हसल्या. ओंजळभर मागितलं होतं तिथे प्रत्येकीने काखेत मावेल एवढं दिलं.

हे तीन गावांत झालं. तिन्ही गावांत मला उतरवलं गेलं, पुढे केलं गेलं, "ईमे कोसिंदी" झालं. तिसऱ्या गावात तर दार उघडायच्या आत मीच उतरून उभी राहिले. काका मागून हळूच म्हणाले, "तुम्ही इथल्या ना, म्हणून." त्यांच्या चेहऱ्यावर घड्याळाकडे बघतानाचं तेच हसू होतं.

दुसऱ्या दिवशी अव्वाच्या अंगणात आम्ही देठ कापायला बसलो. काका घरून फूटपट्टी घेऊन आले होते, सगळे देठ सारखे हवेत म्हणून. अव्वाने थोडा वेळ सहन केलं, मग पट्टी काढून घेतली आणि त्याच पट्टीने स्वतःची पाठ खाजवली. तुरे गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवले. आमच्या गटातले ओशाळलेले संगणकवाले गुडघे दुखत असतानाही मांडी घालून बसले होते आणि अव्वा त्यांनी रचलेले थर न बोलता उसकटून पुन्हा रचत होती. संध्याकाळपर्यंत बतुकम्मा माझ्या खांद्याएवढी उंच झाली. मला वाटलं, झालं, फिटलं.

लेक दुपारीच विमानतळावरून आली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, सडसडीत, हातात नवं घड्याळ. येताना ती बांधावरूनच चालत आली असणार, म्हणजे उतार तिने बघितला होता. पण आईजवळ तिने त्याचा शब्द काढला नाही. बतुकम्माभोवती दोन वेळा फिरली, एक तुरा बोटाने हलवून पाहिला, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ उभी राहिली. माझे डोळे भरून आले, आणि त्यात थोडं समाधानही होतं, हे कबूल करते.

तलावाच्या काठी फेर सुरू झाला. बायका वाकून टाळ्या देत फिरू लागल्या. आम्ही टी-शर्टवाले एका बाजूला ओळीने उभे होतो, कौतुकाला तयार. लेक माझ्यापाशी आली. मी हसून तेलुगूत काहीतरी सुरू केलं. तिने मला थांबवलं आणि आमच्या शहराच्या हिंदीत म्हणाली, "मेडम, मैं भी चार साल से दूसरों के घर साफ करतूं. फेंकने के पहले मालकिन कू पूछना पड़ता."

आवाजात राग नव्हता. कामाचा नियम सांगावा तसं तिने सांगितलं. काका माझ्या बाजूलाच होते, त्यांनीही ऐकलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस मी धावले, सभा घेतली, गाड्या काढल्या, तीन गावांत गुन्हेगार म्हणून उभी राहिले, पण 'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. तो प्रत्येक गावात माझ्या वतीने अव्वा म्हणत होती. जिचं नुकसान झालं होतं, तीच माझ्यासाठी माफी मागत फिरली, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून किती गंमत झाली असं घरी येऊन सांगत होते.

मी लेकीला म्हणाले, "माफ करना."

"मेरे कू नक्को," ती म्हणाली. "अम्मा कू बोलो."

अव्वा फेरात होती, आणि फेर काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी चपला काढून आत शिरले, तिच्या मागे जागा मिळाली. वाकायचं, टाळी द्यायची, एक पाऊल पुढे. माझी टाळी दर वेळी सगळ्यांच्या नंतर पडत होती. अर्धा फेर गेला, पूर्ण गेला. दुसऱ्या फेरात, बोडक्या उताराच्या समोर आलो तेव्हा, तिच्या पाठीकडे बघत मी एकदाची म्हणाले, "तप्पयिंदी, अव्वा." चुकलं माझं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. पुढची टाळी दिली, पाऊल टाकलं, आणि म्हणाली, "ऐकलं. आता हात नीट चालव, मागच्या बायका खोळंबल्यात."